सातवी ब, खिडकीजवळचा बाक

"तक्ता नको," बाई म्हणाल्या. "तुमचा तक्ता मला पाठ आहे. मागच्या वेळी पाठच म्हणून दाखवला होता, आणि तुम्ही त्यावरून नंबर काढून दिलात."

चष्मेवाल्याला राग आला. पण गिऱ्हाईक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, त्यातून गणिताच्या निवृत्त बाई, आणि आवाज असा खणखणीत की फ्रेम बघत बसलेला दुसरा माणूसही पाय जुळवून ताठ झाला होता. "मग काय वाचणार?" त्याने नरमाईने विचारले.

"मी माझं घेऊन आलेय." बाईंनी पिशवीतून खाकी कव्हर घातलेले एक पातळ पुस्तक काढले, मधलेच पान उघडले आणि हात लांब धरून वाचायला सुरुवात केली. "'अरेच्चा! माझे हात... माझे हात मला दिसताहेत!' पुढचं सगळं धुरकट आहे. काच बदला."

चष्मेवाल्याच्या हातातली काच खाली पडली. पंचवीस वर्षांच्या धंद्यात त्याच्या हातून काच पडली नव्हती.

आता इथे जरा थांबून सांगायला हवे, नाहीतर भल्या माणसाच्या हातून काच का पडली ते कळायचे नाही. चाळीस-एक वर्षांपूर्वी 'अदृश्य टपालवाला' नावाचे एक कॉमिक निघत असे. त्यातला टपालवाला कुणालाच दिसत नसे. दिसे ती नुसती हवेत तरंगणारी पिशवी आणि टोपी. चित्रकाराचे निम्मे काम वाचत असे, म्हणून की काय, अंक नेहमी वेळेवर येई. असे चाळीस अंक निघाले आणि मासिक बंद पडले. चष्मेवाल्याकडे त्यातले एकोणचाळीस होते, प्रत्येक स्वतंत्र पारदर्शक पिशवीत, दुकानामागच्या लोखंडी कपाटात. नव्हता तो एकोणतिसावा. अठ्ठाविसाव्या अंकाच्या शेवटच्या पानावर ठळक छापले होते, 'पुढील अंकात पाहा – टपालवाल्याचा चेहरा!' आणि तिसाव्या अंकात स्वारी पुन्हा अदृश्य. मधल्या अंकाच्या वेळी छापखान्याचे छप्पर गळले, गठ्ठेच्या गठ्ठे भिजून लगदा झाले, आणि जेमतेम शंभर-दीडशे प्रती बाहेर पडल्या. इंटरनेटवर एकाने एकदा विकायला काढला होता. मागवला तर तिसाव्याची झेरॉक्स निघाली. चष्मेवाला बारा वर्षांचा असल्यापासून या चेहऱ्याची वाट पाहत होता. दिवसभर दुसऱ्यांना दिसावे म्हणून धडपडणाऱ्या माणसाला ही एकच गोष्ट अजून दिसलेली नव्हती.

"जुनं दिसतंय पुस्तक," तो म्हणाला. आवाज शक्य तितका कंटाळलेला ठेवला होता.

"जुनं म्हणजे? चाळीस वर्षं झाली जप्त करून. वर्गात, माझ्या तासाला, बाकाखाली धरून वाचत होतं कार्टं. शाळेची नवी इमारत झाली तेव्हा त्यांनी माझं जप्तीचं कपाट माझ्याच घरी पाठवून दिलं. नोकरीत असताना वाचायला वेळ झाला नाही, आता एकेक वाचून हातावेगळं करतेय. भोवऱ्यांचं नि बेचक्यांचं काय करायचं ते अजून ठरत नाही. हां, ही काच बरी आहे. ठेवा."

खाकी कव्हरवर लाल शाईत सुबक अक्षरांत लिहिले होते : सातवी ब, खिडकीजवळचा बाक. चष्मेवाल्याने तेवढे डोळ्यांत साठवून घेतले आणि पावतीवर बाईंचा पत्ता तीनदा तपासला.

त्या रात्री तो जेवला नाही म्हटले तरी चालेल. कारण त्याच आठवड्यात दरपत्रक निघायचे होते.

गावात जुनी कॉमिक्स जमवणाऱ्यांचे एक मंडळ होते. सभासद सात, त्यांतले वर्गणी देणारे चार. दर वर्षी कुठल्या अंकाचा बाजारभाव काय, याचे एक दरपत्रक निघे आणि ते चष्मेवाला काढत असे, कारण टाईप करायला आवडणारा तो एकटाच होता. या कामात त्याची एक पद्धत होती. जे त्याच्याकडे असेल त्याचा भाव दर वर्षी चढे. जे नसेल त्याच्यापुढे 'मागणी थंड' असा शेरा पडे आणि भाव उतरे. मग मागणी पुरेशी थंड झाली की तो ते विकत घेई, आणि पुढच्या वर्षी त्याला एकदम ऊब येई. आपली ही युक्ती कुणाच्या ध्यानात आलेली नाही, अशी त्याची खात्री होती. एकोणतिसावा तेवढा चाळीस हजारांवर ठेवलेला होता. तो कुणाकडेच नव्हता, आणि जे कुणाकडेच नाही त्याचा भाव चढा असला की उरलेल्या अंकांनाही भाव येतो.

"सापडला गं!" टाईप करता करता तो बायकोला म्हणाला. "एकोणतिसावा! एका गिऱ्हाइकाकडे आहे!"

बायको जेवणाच्या टेबलावर मटार सोलत बसली होती. नवऱ्याच्या कॉमिक्सकडे तिने लग्नाच्या सत्तावीस वर्षांत ढुंकूनही पाहिले नव्हते. 'असल्या पुस्तकांना मी सातवीनंतर हात लावला नाही,' असे ती सांगे, आणि चष्मेवाला त्याचा अर्थ 'मी तुझ्याआधी मोठी झाले' असा घेई.

"एकोणतिसावा म्हणजे तो शाईच्या हौदात पडतो तो?" तिने विचारले.

"हौद? हौद कुठला आलाय? अठ्ठाविसाव्यात आगगाडी आहे, सत्ताविसाव्यात दीपगृह. उगाच मधे मधे बोलू नकोस, आकडा चुकेल."

"राहिलं," बायको म्हणाली आणि पुढची शेंग सोलायला घेतली.

चष्मेवाल्याने आकडा चुकू दिला नाही. चाळीस हजार खोडून त्याने शंभर केले. पुढे शेरा मारला : 'मागणी शून्य. चित्रे सुमार.' खाली नेहमीचे नियमही होतेच : पानावर लिहिलेले असल्यास भाव निम्मा, कोपरा दुमडलेला असल्यास त्याच्या निम्मा, डिंक लागला असल्यास त्याच्याही निम्मा. सकाळी प्रती काढून त्याने सभासदांना वाटल्या आणि एक प्रत घेऊन, नव्या चष्म्यासह, तो बाईंच्या घरी गेला. चष्मा घरपोच देण्याची त्याच्या दुकानात पद्धत नव्हती. त्या दिवसापासून सुरू झाली.

तिसरा मजला, दोन खोल्या, आणि भिंतीला लागून हिरव्या रंगाचे ते कपाट. दाराला कुलूप. चष्मेवाल्याने आधी चष्म्याची मापे जुळवली, कान दुखत नाही ना विचारले, हवेवर बोलला, आणि मग अगदी सहज आठवल्यासारखे करून दरपत्रक पुढे केले. "बाई, तुमचं ते कालचं पुस्तक. मला असल्या जुन्या कागदांचा नाद आहे. बाजारभाव शंभर आहे, बघा, छापीलच आहे. पण तुम्ही वडीलधाऱ्या, मी दोनशे देतो."

बाईंनी नव्या चष्म्यातून दरपत्रक वरपासून खालपर्यंत वाचले. गणिताच्या बाई आकडे वाचतात ते आपण वाचतो तसे नाही. मग घडी करून त्यांनी ते उशीखाली ठेवले.

"पण ते माझं कुठे आहे विकायला?"

"म्हणजे?"

"जप्तीचा माल आहे. दुसऱ्याची वस्तू मी विकू? ज्याचं आहे त्याला सांगून ठेवलंय, पालकांना घेऊन ये आणि घेऊन जा. अजून कुणी आलं नाही."

"चाळीस वर्षांत?"

"मी कुठे गेलेय? मी इथंच आहे."

आता शहाण्या माणसाने इथे नमस्कार करून जिना उतरला असता. पण एकोणतिसावा अंक पाच पावलांवर होता, मधे फक्त एक कुलूप होते, आणि चष्मेवाल्याच्या तोंडून निघून गेले, "बाई, तो मुलगा मीच."

बाईंनी नवा चष्मा नाकावर सरकवून त्याच्याकडे पाहिले. "तुम्ही?"

"सातवी ब. खिडकीजवळचा बाक."

"अस्सं," बाई म्हणाल्या, आणि त्याच क्षणी त्यांचा सूर पालटला. "मग उभा काय आहेस बावळटासारखा? उद्या पाच वाजता ये. पालकांना घेऊन ये."

चष्मेवाल्याचे वडील एक्याऐंशी वर्षांचे होते. गिरणीच्या वजनकाट्यावर त्यांनी पस्तीस वर्षे काढली होती आणि कुणाच्या बापासाठी काटा मुंगीएवढाही हलवला नव्हता.

"अण्णा, उद्या माझ्याबरोबर बाईंकडे यायचंय. माझ्या शाळेच्या."

"कुठल्या शाळेच्या? तू इथल्या शाळेत नव्हतास. तू आपल्या गावच्या शाळेत होतास, आणि तिथेही फारसा नव्हतास."

"फक्त यायचं, अण्णा. काही बोलायचं नाही."

"मी खोटं बोलणार नाही."

"अहो, खोटं कोण बोला म्हणतंय? नुसतं शेजारी उभं राहायचं!"

अण्णा आले, पण उभे राहिले नाहीत. बाईंनी त्यांना खुर्ची दिली आणि चष्मेवाल्याला उभे ठेवले. "तुमचा मुलगा वर्गात गोष्टींची पुस्तकं वाचायचा, माहीत होतं तुम्हाला?"

"वाचायचा?" अण्णांना चाळीस वर्षे कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. "अहो, त्याला दुसरं येत काय होतं? दिवा विझवला की टॉर्च घेऊन पांघरुणात. त्यातूनच तो चष्मा लागला, आणि आता दुसऱ्यांना लावतोय. आठवीत प्रगतिपुस्तकावर माझी सही यानं केली. माझ्यापेक्षा चांगली केली होती!"

"अण्णा!"

"तुला वाटलं मला कळलं नाही. कळलं होतं. तुझी आई गप्प बसा म्हणाली म्हणून बसलो. आज सांगतो." आणि अण्णांनी सांगितले. फोडलेली काच, विकलेली भूमिती पेटी, आत्याच्या लग्नात आहेराच्या पाकिटांतून गेलेली एक चिल्लर रक्कम. एक अक्षर खोटे नव्हते. बाई मान डोलावत होत्या, आणि पन्नाशी उलटलेला, स्वतःचे दुकान असलेला, मंडळाचा चिटणीस असलेला माणूस पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत होता.

"ठीक आहे," शेवटी बाई म्हणाल्या. "गुन्हा कबूल आहे. पण शिक्षा बाकी आहे. आठ दिवस, पाच ते सहा. अपूर्णांकांचे भागाकार. शनिवारी निकाल, मग पुस्तक. दोनशे पानी वही आण. आणि पालकांनी सोबत यायचं, नाहीतर मधूनच पळशील."

अण्णा खुशीत घरी आले. कित्येक वर्षांत त्यांचे कुणी एवढे ऐकून घेतले नव्हते.

इकडे मंडळात काय झाले ते चष्मेवाल्याला नंतर कळले. दरपत्रक हातात पडताच दाताच्या डॉक्टरांनी विमावाल्याला फोन केला. "एकोणतिसावा शंभरवर आणलाय."

"म्हणजे त्याला सापडला!" विमावाला म्हणाला.

कारण त्या दरपत्रकाची युक्ती मंडळात सगळ्यांनाच ठाऊक होती. ते लोक दरपत्रक वाचत ते चष्मेवाल्याच्या कपाटाची यादी म्हणूनच. भाव चढला म्हणजे आहे, उतरला म्हणजे हवाय, आणि धाडकन कोसळला म्हणजे बाजूच्याच गल्लीत कुठेतरी आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. हा बिचारा दर वर्षी टाईप करून दाखवत होता.

दाताच्या डॉक्टरांना फार शोधावे लागले नाही. बाईंची कवळी त्यांच्याचकडची. चष्मेवाला दोनशे पानी वही काखेत मारून बाईंच्या जिन्याकडे वळताना त्यांनी दवाखान्याच्या खिडकीतून पाहिला, आणि बाकीचे कवळी तपासायच्या निमित्ताने बाईंकडूनच काढून घेतले. दुसऱ्या दिवशी पाच वाजता चष्मेवाला जिना चढला तर वर डॉक्टर उभे, शेजारी त्यांच्या आई, हातात कोरी वही.

"डॉक्टर, तुम्ही इथे?"

"मी सातवी ब," डॉक्टर भिंतीकडे बघत म्हणाले.

"अहो, तुम्ही या गावात आलात ते डिग्री घेऊन!"

"आणि तुम्ही?"

हीच तर गंमत होती. दुसरा खोटारडा आहे हे प्रत्येकाला माहीत होते, पण बोलायला तोंड उघडले की आपलीच जीभ दातांखाली यायची. दोघेही मुकाट्याने आत जाऊन सतरंजीवर बसले.

तिसऱ्या दिवशी विमावाला आला. त्याचे आईवडील हयात नव्हते, म्हणून त्याने मामांना आणले होते. मामा त्याच्याहून चारच वर्षांनी मोठे होते आणि त्यांना स्वतःलाच बाईंची भीती वाटत होती. चौथ्या दिवशी मंडळातला नळ दुरुस्त करणारा आला, आईला घेऊन.

"कधीची गोष्ट ही?" बाईंनी त्याला विचारले.

"चाळीस वर्षांपूर्वीची, बाई. सातवी ब."

"तुझं वय काय?"

"छत्तीस."

बाईंनी क्षणभरही विचार न करता हजेरीत त्याचे नाव घातले. "बस. सरकून घ्या रे, त्याला जागा द्या."

पाच ते सहा अपूर्णांक, आणि सहानंतर जिन्यात बाजार. विमावाल्याने डॉक्टरांना 'तुम्ही नाव मागे घ्या, पन्नास हजार देतो' म्हटले. डॉक्टर म्हणाले, तुम्हीच घ्या, मी साठ देतो. नळवाला म्हणाला, माझ्याकडे रोख नाही, पण ज्याला मिळेल त्याच्या घरचं सगळं पाइपकाम जन्मभर फुकट. जे पुस्तक चौघांपैकी कुणी उघडूनसुद्धा पाहिले नव्हते, त्याचा भाव आठवड्याच्या आत सत्तर हजारांवर गेला. तरी छापील दर आपला शंभरच.

बाहेरच्या गॅलरीत पालकांचे चांगले जमले होते. खुर्च्या कमी पडू लागल्या तेव्हा अण्णांनी घरून दोन आणवल्या. डॉक्टरांच्या आई लोकरीचे काहीतरी विणत आणि लेकाचे पराक्रम सांगत. "माझं तर ऐकतच नाही," त्या म्हणत, आणि अण्णा म्हणत, "कुणाचं ऐकतंय?" आत चार प्रौढ माणसे तीन छेद सात भागिले पाच छेद दोन करत हे सगळे ऐकत बसत.

"बोटांना शाई कसली लागलीय तुमच्या?" गुरुवारी बायकोने विचारले. "आणि दुकान पाचलाच बंद असतं म्हणे?"

"माल मोजतोय. वर्षाखेर आहे ना."

बायको आत गेली आणि तिने अण्णांना विचारले. अण्णांनी आयुष्यात खोटे बोललेले नव्हते, तेव्हा त्यांनी हिरव्या कपाटापासून सातवी बपर्यंत सगळे सांगून टाकले. चष्मेवाला दाराआड उभा राहून कान देत होता. आता तोफ सुटणार म्हणून त्याने डोळे मिटून घेतले. पण तोफेऐवजी बायको फोनवर बोलताना ऐकू आली. "आई, शनिवारी संध्याकाळी मोकळी आहेस का? नाही गं, भांडण नाही. तुला माझ्याबरोबर एके ठिकाणी यायचंय. चाळीस वर्षं राहून गेलंय."

चष्मेवाल्याने डोळे उघडले. सासूबाई! म्हणजे प्रकरण माहेरपर्यंत गेले. पण शनिवार दोन दिवसांवर होता, आणि दोन दिवसांनी टपालवाल्याचा चेहरा दिसणार होता. त्याने ठरवले, आधी चेहरा, मग सासूबाई.

शनिवारी पाचला खोली भरली होती. सतरंजीवर चौघे, भिंतीला टेकून पालक. बाईंनी नवा चष्मा चढवला आणि वह्या परत करायला सुरुवात केली. डॉक्टरांना वीसपैकी सतरा. विमावाल्याला चौदा, 'टक्केवारी चांगली, बाकी अंधार' या शेऱ्यासह. नळवाल्याला वीसपैकी वीस. चष्मेवाल्याला सहा.

"भाव तेवढे भराभर निम्मे करता येतात," बाई म्हणाल्या, "आणि अपूर्णांकाचा भागाकार येत नाही?" त्यांनी उशीखालून ते दरपत्रक काढून टेबलावर ठेवले. चष्मेवाला कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

"बाई, पुस्तक..." डॉक्टरांना दम निघेना.

"देते ना. ज्याचं त्याला." बाईंनी दाराकडे पाहिले. "ये गं आत. बाहेर का उभी? चाळीस वर्षं लावलीस यायला!"

दारात चष्मेवाल्याची बायको उभी होती, आणि तिच्यामागे सासूबाई.

चष्मेवाल्याला पहिल्यांदा वाटले, ही आपल्याला पकडायला आली. पण तिने नवऱ्याकडे पाहिलेच नाही. ती बाईंच्या समोर जाऊन उभी राहिली, हात पाठीमागे बांधून, आणि पन्नाशीतली ती अगदी बारा वर्षांची होऊन गेली. "बाई, चुकले. परत नाही वाचणार वर्गात."

"हे आईला सांगितलं होतंस तेव्हा?"

"नाही, बाई."

"मला कुणी काही सांगितलं नाही," सासूबाई फणकाऱ्याने म्हणाल्या. "मी म्हणते, ही मुलगी एका दिवसात कॉमिक्स वाचायची सोडते कशी! मी शेजारीपाजारी कौतुक सांगत फिरले, आमची लेक समजूतदार झाली म्हणून!" आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी लेकीच्या पाठीत एक हलकी चापट घातली. चाळीस वर्षे राहिलेली होती.

कुलूप उघडले. खाकी कव्हर बाहेर आले. ते बायकोच्या हातात पडले तेव्हा सतरंजीवरच्या चौघांच्या तोंडून एकदमच एक उसासा निघाला. काखेत कळसा आणि गावाला वळसा. चष्मेवाल्याने तर वळशात वडिलांनाही फिरवले होते.

"पण बाई," विमावाल्याने धीर करून विचारले, "म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"माझ्या वर्गातलं पोर मला माहीत नसेल? कोण कुठल्या बाकावर बसायचं ते अजून सांगते."

"मग आम्हाला हे आठ दिवस..."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. "तेहतीस वर्षं शिकवलं मी. खडू कुणी मारला, शाई कुणी सांडली, रोज विचारायचे. एकदासुद्धा, एकदासुद्धा कुणी उठून म्हटलं नाही की बाई, मी केलं. आणि इथे बघा, चार जण! आपणहून! तेही न केलेला गुन्हा!" त्यांचा आवाज किंचित ओला झाला होता. "माझ्याच्यानं थांबवेना." मग चष्मा परत चढवून त्या बायकोला म्हणाल्या, "हा तुझा नवरा का? याची वही घरी घेऊन जा. पाच छेद आठपासून पुन्हा करून घे."

घरी येताना चष्मेवाला बायकोच्या एक पाऊल मागून चालत होता. आयुष्यभराची आस तिच्या पर्समध्ये होती. घरी पोचल्यावर तिने आधी चहा केला, मग हात धुतले, खुर्ची खिडकीशी ओढली आणि चौदाव्या पानापासून, जिथे बाईंनी लाल शाईत 'जप्त' असे लिहून तारीख घातली होती तिथून, पुढे वाचायला सुरुवात केली. मधेच ती मोठ्याने हसली. एका पानावर बराच वेळ थांबली. शेवटचे पान मिटले तेव्हा तिच्या तोंडावर जे समाधान होते ते चष्मेवाल्याने लग्नाच्या फोटोतही पाहिलेले नव्हते.

"हौदच होता," ती म्हणाली. "शाईचा."

"अगं, मी ते... बरं, ऐक ना. विकतेस? सांग तू किती ते. डॉक्टर सत्तरपर्यंत गेले होते, मी ऐंशी देतो. दुकान गहाण ठेवतो हवं तर."

"थांबा, हिशेब करू." तिने पर्समधून दरपत्रक काढले, बाईंनी तेही बरोबर दिले होते. "मूळ भाव शंभर. पानावर लाल शाईत लिहिलंय, निम्मा, पन्नास. कोपरा दुमडलाय, तो मीच दुमडला होता, पंचवीस. बाईंच्या कव्हरचा डिंक लागलाय. साडेबारा. बरोबर ना? तुमचाच नियम आहे."

"ते... छापील आहे गं ते! छापील वेगळं!"

"साडेबारासाठी काय विकायचं? राहू दे, माझ्याकडेच ठेवते." आणि तिने अंक साड्यांच्या कपाटात, मधल्या कप्प्यात ठेवला आणि किल्ली फिरवली.

चष्मेवाला मटकन पलंगावर बसला. त्याचे डोळे खरोखरच भरून आले. "विकू नकोस," तो म्हणाला. "नको विकूस, तुझंच आहे ते. पण एकदा दाखव तरी. नुसता चेहरा. बारा वर्षांचा असल्यापासून थांबलोय गं मी."

बायकोने त्याच्याकडे पाहिले. तिला दया आली असावी, कारण किल्ली कुलपाशी नेऊन तिने हात थांबवला.

"दाखवते की," ती म्हणाली. "पालकांना घेऊन या."

चष्मेवाला उठून उभा राहायच्या आत पलीकडच्या खोलीतून अण्णांचा उत्साहाने भरलेला आवाज आला, "चपला घालू का रे?"